जर्मन वाचता येते, पण ऐकताना आणि बोलताना अडते. काय बदलावे?

शिकाऊ

गेले 14 महिने मी जर्मन शिकत आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये रोज पाऊण तास सराव करतो, त्यात एकही दिवस खंड पडलेला नाही, आणि सोबत व्याकरणाचे एक पुस्तकही संपवले आहे. ए2 (युरोपीय मोजपट्टीवरची खालून दुसरी) पातळीच्या नमुना परीक्षेतला वाचनाचा भाग मला सहज सुटतो. मात्र परवा ऑनलाइन बैठकीत एका जर्मन सहकाऱ्याने विचारलेला साधा प्रश्न मला तीनदा ऐकूनही कळला नाही, आणि त्याने तोच लिहून दाखवला तेव्हा त्यातला एकही शब्द मला नवा नव्हता. उत्तर देताना 'मी तुला उद्या फोन करतो' एवढे वाक्यही जुळेना. 'आनरूफन' हे क्रियापद मला पाठ आहे, पण त्यातला 'आन' सुटून वाक्याच्या अगदी शेवटी जातो हे आठवेपर्यंत विषय पुढे सरकला होता.

व्याकरण पुन्हा पक्के करावे, की ते बाजूला ठेवून नुसते ऐकत राहावे? आणि नामांची लिंगे लक्षात कशी ठेवावीत? तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे. एका ताटाभोवती तिन्ही लिंगे गोळा झालेली पाहून मी हात टेकले.

कानसेन

लिहून दाखवताच कळले, यातच निदान आले. ते शब्द तुमच्या डोळ्यांच्या ओळखीचे आहेत, कानांच्या नाहीत. बोलताना शब्द सुटे राहत नाहीत. 'हास्ट दू' चे घाईत 'हास्ते' होते आणि 'हाबन' चे 'हाबम'. मी फ्रेंच शिकत असताना 'झामी' हा शब्द पाव तास शब्दकोशात शोधत बसलो होतो. तो 'ले' आणि 'आमी' यांच्या जोडउच्चारातून निघालेला 'लेझामी' होता, आणि 'आमी' म्हणजे मित्र हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होते.

मला उपयोगी पडलेला उपाय कंटाळवाणा आहे. ज्याचा मजकूर लिखित स्वरूपात मिळतो असा 40 सेकंदांचा ध्वनिमुद्रित तुकडा घ्यावा, मजकूर न पाहता थांबत थांबत ऐकून तो लिहून काढावा, मग ताडून पाहावा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ऐकू आला नाही. त्यानंतर तोच तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच वेगाने आणि चढउताराने म्हणावा. यात 20 मिनिटे जातात.

घरात दिवसभर परभाषेचा रेडिओ लावून ठेवल्याने कान तयार होतात, यावर मात्र विश्वास ठेवू नका. त्यासाठी अनेकजण भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशेन यांचा हवाला देतात; पण त्यांचा भर शिकणाऱ्याला कळेल अशा, त्याच्या पातळीपेक्षा किंचितच वरच्या भाषेवर होता. 'कळेल अशा' हे दोन शब्द सोयीस्करपणे गाळले जातात.

जुनी वही

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण केवळ ऐकल्याने बोलता येईल असे मला वाटत नाही. कॅनडात सगळे विषय फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास मेरिल स्वेन यांनी केला. वर्षानुवर्षे फ्रेंच कानावर पडल्याने त्या मुलांची समज उत्तम होती, परंतु बोलण्यालिहिण्यातले व्याकरण बरेच मागे राहिले होते. ऐकताना अर्थ लागला की मन पुढे जाते, प्रत्ययांकडे पाहत नाही. स्वतः वाक्य रचायची वेळ आली की मगच आपल्याला काय येत नाही ते उघडे पडते. 1985 मध्ये त्यांनी मांडलेल्या मुद्द्याचा गाभा हाच होता.

तुमच्या ॲपमध्ये बहुतेक वेळा चार पर्यायांतून एक निवडायचा असेल. ती ओळखण्याची परीक्षा झाली; बोलताना पर्याय कोणी देत नाही, शब्द स्वतः आठवावा लागतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी 5 मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी त्यांच्या पुढे गेले. त्याच दिवशी 'येते आहे' असे वाटणे किती फसवे असते, ते यावरून कळावे.

म्हणून कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य लिहा, जर्मन वाक्य मोठ्याने म्हणा आणि मगच कार्ड उलटा. जे चुकेल ते उद्या, जे बरोबर येईल ते काही दिवसांनी, पुन्हा आले तर आणखी लांबणीवर. खोक्याचे कप्पे करून हे कसे साधावे ते सेबास्टियन लाइटनर या लेखकाने 1972 मध्येच दाखवले होते. मात्र रोज 10 पेक्षा जास्त नवी कार्डे घालू नका. मी उत्साहाच्या भरात 40 घालत होतो. महिन्याभरात उजळणीचा असा डोंगर साचला की पुढचे चार महिने खोके उघडलेच नाही.

लिंगांबाबत आपली अडचण जरा वेगळी आहे. मराठीतही तिन्ही लिंगे असल्यामुळे कल्पना परकी वाटत नाही, पण त्यामुळेच आपण नकळत मराठीतले लिंग जर्मन शब्दाला चिकटवतो. नाम कधीच सुटे पाठ करू नये, 'डेर ल्योफल', 'डी गाबल', 'डास मेसर' असे उपपदासकट करावे. 'उंग', 'हाइट', 'काइट' यांनी संपणारी साधित नामे स्त्रीलिंगी असतात. 'शन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होते, आणि त्यामुळेच मुलगी या अर्थाचा 'मेड्शन' हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. बाकी, लिंग चुकले तरी समोरच्याला अर्थ बहुधा कळतो. क्रियापदाची जागा चुकली तर तो अडखळतो. आधी ती सुधारा.

परभाषी

तासांचा हिशेबही पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना जर्मनसाठी साधारण 36 आठवडे पूर्णवेळ शिकवतात आणि जपानीसाठी 88. (शेवटी येणारे क्रियापद आणि नामामागून लागणारे प्रत्यय पाहता जपानीची वाक्यरचना आपल्याला घरची वाटते; लिपी मात्र आपल्यालाही सुटत नाही.) तुमचे सुमारे 300 तास झाले, पण त्यांतले बोलण्याचे किती?

शिकाऊ

जवळजवळ शून्य, हे मान्य करायला हवे. सर्वांचे आभार.

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पहिल्याच तुकड्यात 17 चुका झाल्या आणि त्यांतले अनोळखी शब्द फक्त दोन होते. ॲपचा वेळ 10 मिनिटांवर आणला असून उरलेला वेळ श्रुतलेखन आणि कार्डांना देतो. काल त्याच सहकाऱ्याला 'इश रूफे दिश मॉर्गन' इथपर्यंत म्हणून मी थांबलो, तोही थांबला, आणि मग 'आन' आला.