शब्दचर्चा: घोडा ‘कमावणं’ आणि पायाची ‘नस’

प्रश्न (लातूर): लांब पल्ल्याच्या घोडदौडीवर एक टिपण मराठीत लिहितोय. 40, 80, 160 किलोमीटरच्या शर्यती, मध्ये थांबे, थांब्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी आणि चाल तपासणार. दोन शब्द अडलेत: ‘कंडिशनिंग’ (शर्यतीसाठी घोड्याचं शरीर हळूहळू तयार करणं) आणि ‘टेंडन’ (मांस हाडाला जोडणारा चिवट दोर). पहिल्याला ‘प्रशिक्षण’ लिहिलं तर आमचे तात्या म्हणाले, “वरातीत नाचायला शिकवायलेत का?” दुसऱ्याला ‘कंडरा’ लिहिलं तर, “आता हे काय नवं?”

नांदेड: ‘सराव’ चालेल की. नाहीतर ‘रपेट’.

उदगीर: रपेट म्हणजे एक फेरी. सकाळी घोडा काढला, गावाला वळसा घालून आणला, झाली रपेट. हे काम वर्ष-दीड वर्षाचं. पहिलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, तसा ‘घोडा कमावणं’ म्हणा.

नांदेड: ‘घोडा कमावला’ म्हणजे पैजेत जिंकला असं वाचतील हो!

उदगीर: मग ‘पाय कमावणं’ म्हणा.

परभणी (पशुवैद्य): ‘पाय कमावणं’ला माझं मत. कारण सांगतो. घोड्याचा दमसास दोन-तीन महिन्यांत चांगला वाढतो. हाडं आणि कंडरा मात्र मागं राहतात, त्यांना वर्ष किंवा जास्तही लागतं. घोडा पळायला मागतो, मालक खूश होतो आणि पाय बिघडतो तो नेमका तेव्हाच. पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. नळीचं हाड आणि मागून जाणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा, बस.

आता ‘नस’. आपल्याकडं रक्ताची शीर, मज्जातंतू आणि कंडरा, तिन्हीला नसच म्हणतात. मागं फोन आला, “सर, नस फुगली.” मी शीर समजलो. जाऊन पाहिलं तर नळीच्या मागं केळ्यासारखा फुगवटा, हात लावला तर गरम. दोन दिवस आधी पावसात काळ्या रानातून दुडकी काढली होती. त्या चिखलातून पाय उपसताना कंडरेवर ताण येतो. उलट डांबरावर दुडकीनं सांध्यांना हादरा बसतो. मुरमाची गाडीवाट बरी. ‘स्नायू’ तर लिहूच नका. आयुर्वेदात तो शब्द बांधून ठेवणाऱ्या तंतूंसाठी होता, आज वाचकाला त्यातून मांसच दिसतं.

नांदेड: खरंय. माळेगावच्या जत्रेत आजोबा घोड्याचे दात नंतर बघायचे. आधी खाली बसून दोन्ही नळ्यांवरून उलटा हात फिरवायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा ऊन लागला की उठायचे, भाव विचारायचेच नाहीत.

उदगीर: आणि अंतराला ‘मजल’ घ्या. मूळ अरबी, उतरायचा मुक्काम. मजल दरमजल म्हणतो त्यातलाच.

लातूर: सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय: “दमसास आधी येतो, पाय मागाहून कमावले जातात, ज्या आठवड्यात मजल वाढवली त्या आठवड्यात वेग वाढवू नये.” टेंडनसाठी पहिल्यांदा ‘नळीमागची नस, म्हणजे कंडरा’, पुढं नुसतं कंडरा. तात्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “हां, आता घोड्याचं वाटायलंय.”