शिगम्याच्या छायाचित्रांतील चेहरे शोधताना येणारी अडचण

प्रश्न (फोंडा): मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असून गोव्यातील शिगम्याच्या (शिमग्याच्या) मिरवणुकीच्या छायाचित्रांतील चेहरे मोजणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहीत आहे. ओपनसीव्ही या चित्र-विश्लेषणाच्या मोफत संचातील 'हार कॅस्केड' या चेहरे शोधणाऱ्या पद्धतीला समोरचे चेहरे सापडतात. मात्र रोमटामेळातील (ढोलांच्या तालावर नाचत जाणाऱ्या मेळातील) वळलेले चेहरे निसटतात आणि ढोलांवर उगाच चौकटी उमटतात. काय बदलावे?

उत्तर (म्हापसा): व्हायोला आणि जोन्स यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, अशा उजेड-सावलीच्या फरकांवर चालते, आणि ती वापरत असलेली आपली आधीच शिकवलेली फाइल बहुधा समोरच्या चेहऱ्यांवरच शिकवलेली असल्यामुळे वळलेला चेहरा तिच्या हाती लागत नाही; तो आपल्या लिखाणाचा दोष नव्हे. ढोलांवरील चौकटींसाठी 'मिननेबर्स' (चेहरा मानण्यासाठी एकाच जागी किती चौकटी जुळाव्या लागतात, तो आकडा) ३ वरून ६ पर्यंत वाढवून पाहावे. 'स्केलफॅक्टर' (शोधताना दर टप्प्याला छायाचित्र किती पटीने लहान करायचे, तो आकडा) मात्र १.१ च ठेवावा, कारण तो वाढवल्यास वेग मिळतो पण काही चेहरे सुटतात.

उत्तर (मडगाव): बाजूच्या चेहऱ्यांची वेगळी फाइल ओपनसीव्हीसोबत मिळते, परंतु ती मुख्यतः एकाच दिशेचे चेहरे शोधते, म्हणून तेच छायाचित्र आडवे उलटवून पुन्हा तपासावे लागते. माझ्या मते त्यापेक्षा न्यूरल नेटवर्कवर आधारलेले 'यूनेट' (YuNet) हे चेहरे शोधणारे मॉडेल घ्यावे. ते लहानसे आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि डोळे, नाक व ओठांचे कोपरेही दाखवते. निदान ५० छायाचित्रांतील चेहरे आधी स्वतः मोजून ठेवावेत, अन्यथा सुधारणा झाली की नाही, हे कळणारच नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. छायाचित्रांतील चेहरे मोजायला आजच बसतो.