सोसायटीतली भटकी कुत्री: खायला कुठे घालायचं?

पिंपळपान: आवारात पाच कुत्री आहेत. काहीजण जिन्यातच खायला घालतात, कमिटी म्हणते उचलून लांब सोडा. नियम काय?

खडीसाखर: दोघंही चुकतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून पकडला तिथेच परत सोडायचा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला गल्लीतल्या कुत्र्यांबाबत हेच सांगितलं. अपवाद रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्र्यांचा. खायला घालायची जागा ठरवणं मात्र सोसायटीचं काम, याच नियमांतला नियम २०. जिना, फाटक, मुलांची खेळायची जागा टाळा. वेळही मुलं-वयस्कर कमी फिरतात तेव्हाची ठेवा. खरकटं खाऊ घालणाऱ्यानेच उचलायचं. ते राहिलं की भांडण पक्कं!

रानजाई: आधी कान बघा. नसबंदी झालेल्याच्या कानाला खाच असते. खाच नसलेल्यांचे फोटो, रंग, नर की मादी आणि बसायची जागा लिहून महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला अर्ज द्या, पोच घ्या. एक मादी जरी सुटली तरी मेहनत वाया, ती वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. रेबीजची लस दरवर्षी लागते, हे सगळे विसरतात.

पिंपळपान: जागेवरून एकमत झालंच नाही तर?

खडीसाखर: प्राणी कल्याण समितीकडे जा. तिथे पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, तक्रारदार आणि सोसायटीचा प्रतिनिधी असतात. जागेबाबत त्यांचा निर्णय अंतिम.

रानजाई: कुणाला चावलं तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस.