मदत हवी आहे: फिशफाइंडरवर (तळाकडे आवाज सोडून प्रतिध्वनी पडद्यावर दाखवणारं यंत्र) खडक आणि घट्ट वाळू वेगळी कशी ओळखायची?

मालवणच्या किनाऱ्याजवळ, 12 ते 15 मीटर पाण्यात. यंत्र साधं, 200 किलोहर्ट्झ, आवाजाच्या झोताचा शंकू 20 अंशांचा. म्हणजे 15 मीटरवर तळाचा जेमतेम सव्वापाच मीटर रुंद गोल दिसतो.

चिखल कळतो: पडद्यावर तळाची रेघ फिकट, दुसरा प्रतिध्वनी (तळावरून पृष्ठभागावर आणि पुन्हा तळावर आपटून आलेला) जवळपास नसतोच. कठीण तळावर रेघ ठळक येते आणि दुप्पट खोलीवर, म्हणजे 24-30 मीटरवर, दुसरी उमटते. त्यासाठी रेंज, म्हणजे पडद्यावर दिसणारी खोली, 40 मीटर ठेवतो. सेन्सिटिव्हिटी (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते) ऑटोवर असली की दुसरी रेघ कधी गायबच होते, म्हणून ती हातानेच लावतो. अडतं इथेच: दुसरी रेघ खडकावरही येते, घट्ट वाळूवरही. पहिल्या रेघेखालची शेपटी लांब आणि वरची कड खडबडीत असेल तर खडक धरायचा का? की उतारामुळेही शेपटी लांबते?

दुसरं, उंचवट्याच्या कडेला तळालगतचे मासे तळाच्या रेघेतच मिसळतात. 50 किलोहर्ट्झचा रुंद शंकू घेतला तर हा आंधळा पट्टा वाढेलच ना?

होडी थांबलेली असली तरी चित्र सरकतं आणि एकच दगड लांब पठार वाटतो, हे ठाऊक आहे. ताशी 4-5 किमी वेगाने सरळ फेऱ्या मारतो. फेऱ्यांमधलं अंतर किती ठेवता?