प्रवासात भेटलेल्या माणसांचे पोर्ट्रेट: मिरज, कोल्हापूर, सावंतवाडीसाठी सल्ला हवा

आडवाट
दिवाळीनंतर मिरज, कोल्हापूर, सावंतवाडी अशी भटकंती ठरतेय. देवळं-किल्ल्यांचे फोटो भरपूर झाले, आता माणसांचे काढायचेत. सतारी घडवणारे, चपला शिवणारे, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या मावश्या. लांबून झूम करून चोरून काढलेले फोटो मला बघवत नाहीत आणि जवळ जाऊन विचारायला जीभ रेटत नाही. विचारलं तरी समोरचा ओळखपत्राचा फोटो काढायचा असल्यासारखा ताठ होतो. कसं विचारावं? पैसे द्यावेत का? माझ्याकडे क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि ५५-२१० मिमीची झूम लेन्स आहे. आणखी काही घ्यावं लागेल का?

कृष्णाकाठ
मिरजेत सतारमेकर गल्लीसाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. ही मूळची शिकलगार घराणी, हत्यारांना धार लावणारी; एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यावरून बोलणं काढा, पुढचं ते आपणहून सांगतात.

कॅमेरा आधी बॅगेतच राहू दे. "दादा, जरा बसू का? काम बघायचंय," एवढंच म्हणा. बहुतेक वेळा "बसा की" असंच उत्तर येतं. मग खरोखर काम बघा. सतारीच्या तुंब्याचा भोपळा कुठून आणता, विचारा (पंढरपूर भागातून येतो, आणि मनासारखा भोपळा मिळणं हा तिथं फार जिव्हाळ्याचा विषय आहे). तुणीचं लाकूड किती दिवस सुकवता, विचारा. फोटोचं नाव चहा आल्यावर काढा.

ताठ होण्याबद्दल म्हणाल तर त्यांना उभं करूच नका, हाताला काम असू दे. जवारी काढताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून स्वर जुळवताना बघा. घोडीवर हलक्या हाताने कानस फिरते, तार छेडली जाते, मान वाकते, कान तारेशी जातो, पुन्हा कानस. स्वर ऐकताना कपाळावरची आठी सुटते किंवा आणखी घट्ट होते. मला विचाराल तर त्या आठीसाठी मिरजेला जावं. पण त्याच वेळी शटरचा खटका वाजवू नका, तो माणूस कान लावून बसलेला असतो. सायलेंट शटर लावा. ट्यूबलाइटखाली असाल तर वेग १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

उजेडवेडा
५५-२१० घरी ठेवा. ३५ मिमी एफ/१.८ लेन्स मिळाली तर घ्या, क्रॉप सेन्सरवर ती साधारण ५२ मिमीसारखी चालते. तिच्यामुळे तुम्हाला बोलण्याच्या अंतरावर यावंच लागतं, आणि तेच हवंय. नाहीच मिळाली तर किट लेन्स ५०ला लावून दाराच्या उजेडात काम भागतं.

दारावरून आठवलं. दुकानाचा उंबरा ही पोर्ट्रेटची सगळ्यात चांगली जागा. माणूस हातभर आत, तोंड रस्त्याकडे. समोरून मऊ उजेड मिळतो आणि मागचा पसारा अंधारात जातो. भर दुपारी उन्हात उभं केलंत तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतील.

आपल्याकडे नेहमी नडते ती पांढरी टोपी. टोपी, सदरा, धोतर सगळं पांढरं असलं की कॅमेरा उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा (म्हणजे कॅमेऱ्याला फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजू द्या) किंवा एक्स्पोजर थोडं वाढवा. टोपी फोटोत जरा पांढरीफटक पडली तरी चालेल, डोळे गेले तर फोटो गेला. मोबाइलने काढणाऱ्यांनी १एक्सवर अगदी जवळ जाऊ नये, नाक मोठं दिसतं. २एक्स किंवा ३एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा, फेट्याचे सुटे धागे तो खाऊन टाकतो.

माहेर सावंतवाडी
सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-खेळण्यांची दुकानं आहेत, तिथं नक्की जा. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात. दशावतारी गंजिफेचा संच १२० गोल पानांचा, त्यामुळे काम बारीक आणि मान सतत खाली. वर बघायला लावू नका. खाली बसा, कॅमेरा पानाच्या उंचीला आणा, ब्रश आणि चेहरा दोन्ही मिळतील. फोटोला परवानगी आहे का, ते दारातच विचारून घ्या.

बाजारातल्या बायकांकडे गिऱ्हाईक असताना जाऊ नका. सकाळची विक्री ही त्यांची दिवसाची कमाई. गर्दी ओसरल्यावर शेजारी टेका. आधी एकटीला विचारण्यापेक्षा दोघी-तिघींशी बोला, त्या एकमेकींना "काढ गो" म्हणून पुढे करतात. लहान मुलांचा फोटो आई-आजीला विचारल्याशिवाय नको, आणि मुलांच्या हातात पैसे तर मुळीच नकोत.

वारीवाट
पैशांचं सरसकट उत्तर नाही. कारागिराला पैसे पुढे केले तर त्याला अवघडल्यासारखं होतं; परवडेल ती वस्तू विकत घ्या. वासुदेव, पोतराज, बहुरूपी यांचं मात्र पोट त्यांच्या कलेवर आहे. वासुदेवाचं गाणं पूर्ण ऐका, दान द्या, मग फोटो मागा. मोरपिसांची टोपी टिपून फुकट पुढे जाणं मला मान्य नाही.

"फोटो पाठवतो" म्हणून जाणारे पुष्कळ आणि पाठवणारे थोडे, म्हणून लोकांचा विश्वास उडालाय. वहीत नाव-पत्ता त्यांच्याच हाताने लिहून घ्या, पिनकोडसकट. घरी गेल्यावर चार बाय सहाची प्रिंट टपालाने पाठवा. नातवाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो आजोबांपर्यंत पोचेलच असं नाही.

आणि नाव विचाराच. जून १९८५च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी होती. फोटो १९८४मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला. जगाने तो चेहरा पाहिला, पण शरबत गुला हे तिचं नाव कळलं २००२मध्ये. आणि तोवर तिने स्वतः तो फोटो पाहिलेलाही नव्हता. फोटो काढायची परवानगी आणि नेटवर टाकायची परवानगी, दोन्ही वेगवेगळ्या मागा.

आडवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. ३५ मिमी मैत्रिणीकडून घेतेय, वहीही घेतली. एकच राहिलं: कुणी नको म्हणालं तर?

कृष्णाकाठ
"बरं दादा" म्हणायचं, कॅमेरा बॅगेत ठेवायचा आणि चहा संपवूनच उठायचं. लगेच उठलात तर फक्त फोटोसाठी बसला होतात असं होतं. पुन्हा विचारू नका. त्यांनाच वाटलं तर निघताना हाक मारतील, आणि नाही मारली तरी जवारी कशी काढतात ते बघायला मिळालेलं असेल.