सिंगापूरचे स्वयंसेवक पोलीस : नागरिकांचा वाटा की सरकारची काटकसर?

बेडोककर (धागाकर्ता)

परवा इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एकाने ठासून सांगितलं, "हौशी माणसांच्या हातात पिस्तूल देणं हा पोरखेळ आहे." विषय होता सिंगापूरच्या व्हॉलंटिअर स्पेशल कॉन्स्टॅब्युलरीचा. इथे सगळे तिला व्हीएससी म्हणतात. मला त्याचं म्हणणं अजिबात पटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून ही माणसं पोलिसाचं काम करतात. आधी बरेच महिने प्रशिक्षण, मग महिन्याला किमान १६ तास ड्युटी. पगार नाही, तासाप्रमाणे किरकोळ भत्ता मिळतो. अधिकार मात्र पूर्ण. अटक, झडती, हत्यार, सगळं नेहमीच्या पोलिसासारखंच. माझा एक सहकारी दिवसभर कंपनीचे हिशेब तपासतो. ड्युटीच्या संध्याकाळी तो पोलीस केंद्रात जातो, हत्यार रिकामं आहे ना ते पाहतो, गोळ्या मोजून सही करतो आणि जोडीदाराबरोबर गस्तीला निघतो. परतल्यावर पुन्हा मोजणी, पुन्हा सही. यात पोरखेळ कुठे दिसतो?

हे दल १९४६ चं. साडेतीन वर्षांच्या जपानी अमलातून शहर नुकतंच बाहेर आलं होतं. अन्नाची टंचाई, काळा बाजार, गुप्त टोळ्या, आणि युद्धातली हत्यारं कुणाच्याही हाती. जपान्यांच्या हाताखाली काम केलेल्या पोलिसांवर लोकांचा भरवसा उरला नव्हता. अशा वेळी कारकून, मास्तर, दुकानदार पुढे आले. माझं म्हणणं एवढंच: गावातलाच माणूस पोलिसात असला की पोलीस परका राहत नाही. याच शहरात इंग्रजांनी १८८१ पासून पंजाबातून आणलेली शिखांची तुकडी ठेवली होती, आणि १९४९ मध्ये गुरखा तुकडी उभी केली. बाहेरचा माणूस कुणाचीच बाजू घेणार नाही, हा त्यामागचा हिशेब. व्हीएससी या विचाराच्या नेमकी उलट आहे, आणि म्हणून ती मला मोलाची वाटते.

जुनी_पानं

धागा चांगला आहे, पण सुरुवात १९४६ पासून करणं सोयीचं आहे. सिंगापुरात नागरिकांना स्पेशल कॉन्स्टेबल, म्हणजे गरजेपुरते पोलीस, करण्याची चाल त्याआधीची. फेब्रुवारी १९१५ मध्ये तिथे इंग्रजांच्या फौजेतल्या भारतीय शिपायांनी, म्हणजे फिफ्थ लाइट इन्फंट्री या पलटणीने, बंड केलं. तेव्हा गोऱ्या रहिवाशांना आणि जपानी वकिलातीमार्फत तिथल्या जपान्यांनाही घाईघाईने स्पेशल कॉन्स्टेबल म्हणून उभं केलं. पुढे ४७ शिपायांना औट्रम रोडच्या तुरुंगाबाहेर लोकांसमोर गोळ्या घातल्या. 'नागरिकांचा सहभाग' हा शब्द तिथे लावून बघा. ती माणसं कुणाचं रक्षण करत होती?

१९४६ मध्येही राज्य इंग्रजांचंच होतं. सरकारला कमी खर्चात माणसं हवी होती, ती मिळाली. त्यात आलेल्यांची नियत चांगली होती हे मान्य. पण दल कशासाठी काढलं आणि त्यात माणसं कशासाठी आली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बेडोककर

जुनी_पानं, १९१५ चा मुद्दा बरोबर आहे, पण ती आठवड्याभराची धावपळ होती. ज्या दलाला नियमित प्रशिक्षण आणि कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे ते वेगळं. आणि इंग्रज गेल्यावर हे दल बंद झालं नाही. स्वतंत्र सिंगापूरने ते ठेवलं, वाढवलं. नुसती वसाहतीची सोय असती तर १९६५ नंतर कुणी ठेवलं असतं?

हवालदाराची_लेक

मी दुसऱ्या बाजूने बोलते. वडील ३० वर्षं पोलिसात होते. सणासुदीचा बंदोबस्त म्हणजे काय ते घरातून पाहिलंय. पोलिसाचं काम हे शिकून, रोज करून येणारं काम आहे. जमाव कधी पांगेल आणि कधी उसळेल हे महिन्याच्या १६ तासांत कळत नाही.

१९५० च्या डिसेंबरातली दंगल घ्या. मारिया हर्टोग ही डच मुलगी एका मुस्लिम घरात वाढली होती. तिचा ताबा कुणाकडे यावर कोर्टाचा निकाल लागला आणि शहर पेटलं. १८ माणसं मेली, १७३ जखमी झाली. नंतरच्या चौकशीत पोलिसांच्या वरिष्ठांवर ठपका आला, कारण गुरख्यांना कोर्टाजवळून ऐन वेळी मागे बोलावलं होतं, आणि मलाय पोलिसांपैकी बरेच जण आपल्याच समाजाच्या जमावापुढे हातावर हात ठेवून उभे राहिले. म्हणजे तुमचा 'गावातलाच माणूस' कधी कधी गावापुढे थिजतो. त्या दिवशी लागत होते ते सरावलेले पूर्णवेळ पोलीस आणि ठाम हुकूम.

बेडोककर

ताई, तो प्रसंग तुमच्या बाजूने जात नाही. थिजले ते पूर्णवेळ पोलीस होते, आणि चुकले ते पूर्णवेळ साहेब होते.

दुसरा दाखला देतो. १२ मे १९५५, हॉक ली बस कंपनीच्या संपातली दंगल. चार माणसं मेली. एक शाळकरी मुलगा, एक अमेरिकन पत्रकार, दोघं पोलीस. त्या दोघांपैकी अँड्र्यू टिओ हा स्वयंसेवक स्पेशल कॉन्स्टेबल होता. तो मागे हटला नाही. १९६४ च्या जातीय दंगलीतही, जुलैत २३ आणि सप्टेंबरात १३ बळी गेले तेव्हा, ही माणसं आपली दुकानं-कचेऱ्या सोडून रस्त्यावर होती. 'हौशी' हा शब्द त्यांना लावताना जपून लावावा.

हवालदाराची_लेक

त्यांच्या धैर्यावर माझं बोट नाहीच. माझा राग आहे तो त्यांना तिथे उभं करणाऱ्यावर. विना पगार आलेला माणूस जमावासमोर मरतो तेव्हा त्याला हुतात्मा म्हणणं सोपं असतं. त्याच्या जागी पुरेसे पोलीस का नव्हते, हे विचारणं अवघड.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. ८ डिसेंबर २०१३ ला लिटल इंडियात बसखाली एक भारतीय मजूर गेला आणि चाळीसहून जास्त वर्षांत पहिल्यांदा सिंगापुरात दंगल झाली. चौकशी समितीपुढे पोलीस आयुक्तांनी स्वतः सांगितलं की आणखी १,००० पोलीस हवेत. स्वयंसेवकांचं एवढं कौतुक असलेल्या देशात ही वेळ का आली? भरतीचा आकडा लांबणीवर टाकायला असली दलं सरकारच्या कामी येतात, दुसरं काही नाही.

निवांत_वाचक

दोघांच्या भांडणात १९६७ राहून गेलं. त्या वर्षी सिंगापुरात सक्तीची राष्ट्रीय सेवा सुरू झाली, आणि सुरुवातीला बऱ्याच तरुणांना सैन्याऐवजी अर्धवेळ स्पेशल कॉन्स्टॅब्युलरीत किंवा व्हिजिलांटे कोअर या नागरी रक्षक दलात पाठवलं. पुढे पूर्णवेळ सक्तीची पोलीस सेवाही आली. म्हणजे सरकारकडे सक्तीने येणारे हात भरपूर आहेत. तरीही स्वयंसेवकांचं दल वेगळं टिकलं. निव्वळ काटकसर हवी असती तर सक्तीचे पुरले असते. मला वाटतं चाळिशीतला, संसारी, दुसऱ्या पेशातला माणूस पोलिसात असणं याची किंमत त्यांनी ओळखली. नवरा-बायकोच्या भांडणात मध्ये पडायला १९ वर्षांच्या पोरापेक्षा असा माणूस बरा.

हवालदाराची_लेक

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मानते.

चेंबूरकर

महाराष्ट्राचा धागा जोडतो. आपलं होमगार्डही १९४६ चंच! त्या डिसेंबरात मुंबई दंगलींनी होरपळत होती, तेव्हा मोरारजी देसाईंनी ते उभं केलं. एकाच वर्षी दोन बंदरांच्या शहरांत एकच कल्पना. आज काय दिसतं? सिंगापुरात चांगली नोकरी असलेला माणूस हौसेने जातो. आपल्याकडे बरेच होमगार्ड त्या भत्त्यावर घर चालवतात. गणपती, निवडणूक, बंदोबस्त असेल त्या दिवसांचे पैसे, बाकी दिवस कोरडे. शेवटी सुप्रीम कोर्टाला २०१५ मध्ये सांगावं लागलं की त्यांचा भत्ता असा ठेवा की महिनाभराच्या ड्युटीचे पैसे पोलीस शिपायाच्या किमान पगाराइतके व्हावेत. कागदावर तोही स्वयंसेवक आणि हाही. पोट भरलेल्याने दिलेला वेळ आणि उपाशी माणसाने विकलेला वेळ एका नावाखाली मोजू नका, बेडोककर.

बेडोककर

चेंबूरकर, हे मला मान्य आहे आणि माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं. व्हीएससीचं चालतं कारण तिच्यावर कुणाची चूल अवलंबून नाही. ही अट पहिली. दुसरी अट, तोच गणवेश, तीच शिस्त, तीच चौकशी. नुसती काठी आणि शिट्टी देऊन उन्हात उभं करायचं असेल तर त्याला स्वयंसेवा म्हणू नये.

जुनी_पानं

अट पाळली नाही की काय होतं ते जमैकात बघा. तेही बेटच, तेही इंग्रजांचंच. तिथली आयलंड स्पेशल कॉन्स्टॅब्युलरी फोर्स ही राखीव दल म्हणूनच निघाली. पण तिथले लोक हळूहळू पूर्णवेळ पोलिसाचंच काम करू लागले, आणि दल मात्र वेगळं, दुय्यम राहिलं. शेवटी २०१४ मध्ये ते मुख्य पोलीस दलात विलीन करावं लागलं. राखीव दल कायमची गरज भागवायला वापरलं की हेच होतं.

हवालदाराची_लेक

मग माझी मागणी साधी आहे. स्वयंसेवकांचे तास मंजूर पदांच्या हिशेबात धरू नयेत. दहा पदं रिकामी असतील तर ती दहाच दाखवा, मग चौकीत किती का स्वयंसेवक येईनात. आणि ड्युटीवर माणूस जखमी झाला किंवा गेला, तर त्याच्या घरी जाणारी रक्कम शेजारी उभ्या असलेल्या पगारी पोलिसाइतकीच असावी. बेडोककर, तुमच्या त्या सहकाऱ्याला हे विचारून इथे लिहा. भत्त्याचं राहू द्या, हे नक्की विचारा.

बेडोककर

विचारतो. उत्तर जे असेल ते लिहितो.