पाच वर्षं पडून असलेली चेनसॉ, सुरूच होत नाहीये

सुखलियाकर:
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे सासऱ्यांची थोडी जमीन आहे, परवाच्या वादळात तिथली एक जुनी सुबाभूळ मुळासकट आडवी झाली ती बरोब्बर विहिरीच्या वाटेवर. मजूर म्हणतात कुऱ्हाडीने दोन दिवस जातील. सासऱ्यांनी लॉकडाऊनच्या आधी एक चेनसॉ मागवली होती, ती चायनीज ५८ सीसीवाली, चार-पाचदा वापरली असेल, मग ते गेले आणि तेव्हापासून ती शेडमध्ये पोत्याखाली. काल काढली तर टाकीत जुनं पेट्रोल तसंच, रंग काळ्या चहासारखा आणि वास वॉर्निशचा. ते ओतून नवीन भरलं, दोरी ओढून ओढून खांदा गेला पण एकदा फट् सुद्धा नाही. इथल्या एका दुकानात नेली तर न उघडताच म्हणाला इंजिन गेलंय, नवीन घ्या. बायको म्हणते भंगारात दे. मला द्यायची नाहीये. कुठून सुरुवात करू?

दोनस्ट्रोक काका:
आधी दोरी ओढणं बंद. नवीन भरलं म्हणजे नक्की काय भरलं? ऑइल मिसळलं होतं का?

सुखलियाकर:
पंपावरून कॅनमध्ये आणलं ते तसंच टाकलं काका. ऑइलची टाकी वेगळी आहे ना, तिच्यात ऑइल आहे थोडं.

दोनस्ट्रोक काका:
सुरू झाली नाही हे तुमचं नशीब! ती दुसरी टाकी चेनच्या तेलाची, त्याचा इंजिनाशी काही संबंध नाही. हे दोन स्ट्रोकचं इंजिन आहे, जुनी लुना आठवते का, पेट्रोलमध्ये २टी ऑइल टाकायचो, तसंच. आत पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच, नुसत्या पेट्रोलवर पाच मिनिटं जरी जोरात चालली असती तरी पिस्टन धरला असता आणि मग तो दुकानवाला खरा ठरला असता. या ५८ सीसीच्या पुस्तिकेत बहुतेक २५ ला १ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली २टी.

आता इंजिन खरंच गेलंय का ते बघा, त्याला दुकान लागत नाही. सायलेन्सरचे बोल्ट काढा, भोकातून पिस्टन दिसतो, मोबाइलचा टॉर्च मारा. बाजू गुळगुळीत असेल तर उत्तम, उभे खोल ओरखडे असतील तर मग खर्च आहे. चांगला निघाला तर प्लग काढून भोकात २टीचे चार-पाच थेंब सोडा आणि दोरी हळूहळू आठ-दहा वेळा ओढा, इतकी वर्षं कोरडं पडलंय ते. मग करंट बघा, प्लग टोपीत घालून त्याची लोखंडी बाजू सिलिंडरला टेकवून दोरी ओढायची (पेट्रोलचा कॅन लांब ठेवून!), निळी ठिणगी हवी. नवीन प्लग टाकलात तर आणखी बरं, गॅप अर्धा ते पाऊण मिलिमीटर.

करंट असेल तर प्लगच्या भोकात मिक्स केलेल्या पेट्रोलचे काही थेंब टाका, प्लग बसवा आणि ओढा. दोन सेकंद भर्रर्र करून बंद पडली तर समजा इंजिन जिवंत आहे, पेट्रोल वरपर्यंत येत नाहीये.

रामबागेतला अभियंता:
काकांशी सहमत, फक्त मिक्सिंगचं ५० ला १ पण चालतं, म्हणजे २० मिली. माझी तशीच चालते.

दोनस्ट्रोक काका:
तुमची कुठली आहे? महागड्या करवती कंपनीच्या स्वतःच्या तेलावर ५० ला १ चालतात, मान्य. पण पंपावरच्या साध्या २टीवर आणि या मशीनवर मी ते करणार नाही. थोडा धूर झाला तर झाला.

रामबागेतला अभियंता:
ठीक आहे, ते तुमचं बरोबर. पण खरा दोषी ते जुनं पेट्रोल आहे असं मला वाटतं. पेट्रोल उडून गेलं की मागे डिंकासारखा थर राहतो, तो कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. त्यात इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराच्या नळ्या खराब करतं, आता तर पंपावर २० टक्केवालंच मिळतं. टाकीत वाकवलेली तार घालून नळी बाहेर ओढा, टोकाला छोटा वजनदार फिल्टर असतो, तो बदलाच. नळी बोटाने वाकवून बघा, चीर असेल तर पेट्रोलऐवजी हवा ओढते.

मग कार्बोरेटर. एअर फिल्टरखाली दोन नट आहेत, काढण्याआधी दांड्या कशा अडकवल्यात त्याचा फोटो काढा, मी नव्हता काढला आणि एक रविवार वाया गेला. आतले डायफ्राम (पातळ रबरी पडदे) नरम हवेत, कडक झाले असतील तर किट बदलायचं, सियागंजात शोधा, जुना डायफ्राम खिशात घालून जा कारण मापं वेगळी असतात. एक बारीक जाळी असते ती बघायची विसरू नका. स्प्रेने धुवा, पण भोकात तार घालू नका, भोक मोठं झालं की सगळं बिघडतं. एच आणि एलचे स्क्रू (जास्त आणि कमी वेगाला पेट्रोल किती जायचं ते यांवर ठरतं) काढायच्या आधी पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवायचे.

महूची पाटील:
इंजिनाचं हे सांगतीलच, मी झाडाचं सांगते. मुळासकट पडलेलं झाड आहे ना, खोड कापलं की मुळांचा गड्डा कधी कधी धाडकन परत उभा होतो, आमच्याकडे झालंय, माणूस थोडक्यात वाचला. गड्ड्याच्या बाजूला कुणाला उभं करू नका, मुलांना तर नाहीच. आधी फांद्या काढा. बारचं, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिचं, टोक लाकडात खुपसू नका, करवत उलट अंगावर येते. आणि चेनच्या टाकीत तेल भरल्याशिवाय अजिबात चालवू नका.

सुखलियाकर:
मंडळी झाली सुरू!! पिस्टन चकचकीत होता. टाकीतली नळी हातात आली ती बिस्किटासारखी तुटली, डायफ्राम भाजलेल्या पापडासारखे. काकांच्या थेंबांवर पहिल्यांदा भर्रर्र झालं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून धावत आली. किट, नळी, फिल्टर, प्लग, आणि ४० मिलीचं मिक्सिंग, सहाव्या ओढीला सुरू. पण आता नवीनच. आवाज मस्त, चेन फिरते, पण लाकूड कापत नाही, नुसता पिठासारखा भुगा आणि धूर. चेन बोथट झाली असेल का? साफ करायला काढली होती, कानस मारून बसवली परत.

दोनस्ट्रोक काका:
काढून परत बसवली म्हणता. बारच्या वरच्या बाजूला दात कुठे तोंड करून आहेत, टोकाकडे की तुमच्याकडे?

सुखलियाकर:
माझ्याकडे.

दोनस्ट्रोक काका:
भिया, चेन उलटी आहे.

सुखलियाकर:
😄 पाना घेऊन बसलोय.